वशिला आणि नेटवर्किंग: दोन्हीची सुरुवात ओळखीतून होते, म्हणूनच घोळ होतो

आमच्या सांगलीच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, "आपला कुठे वशिला नाही, तेव्हा अभ्यास कर." बाबा शाळेत शिक्षक होते, आणि हे वाक्य ते कधीच रडत म्हणायचे नाहीत, ताठ मानेने म्हणायचे. त्याचा परिणाम असा झाला की २०१५ ला मी पहिल्यांदा बंगळुरूला पायकॉन इंडियाला, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या कॉन्फरन्सला, गेले तेव्हा दोन दिवस पहिल्या रांगेत बसून टॉक्स ऐकले, वहीभर नोट्स काढल्या, आणि ब्रेक झाला की चहा घेऊन खांबाशेजारी एकटी उभी राहिले. कारण डोक्यात हिशोब पक्का होता, अनोळखी माणसाशी जाऊन बोलायचं म्हणजे नेटवर्किंग, नेटवर्किंग म्हणजे ओळख काढणं, आणि ओळख काढणं म्हणजे वशिला. आणि आपण वशिलेबाज नाही!

आता माझ्या टीममध्ये लातूर, जळगाव, कोल्हापूरकडून आलेली मुलंमुली आहेत, कामाला एक नंबर, पण कॉन्फरन्सला पाठवते म्हटलं की "ताई, मला असं पुढेपुढे करायला नाही जमत" हे ठरलेलं उत्तर येतं. मला त्यांचं मन कळतं. पण या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत आणि त्यातला फरक कळायला मला फार वर्षं लागली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वशिला हा शब्द मूळचा अरबी, वसीला, म्हणजे साधन, माध्यम. मुळात त्यात वाईट असं काहीच नाही. वाईट आलं ते वापरातून. वशिला लावताना प्रत्यक्षात काय बोललं जातं ते आठवून बघा, "आपला मुलगा आहे, जरा बघून घ्या." बस. या वाक्यात मुलाला काय येतं याबद्दल एक अक्षर नाहीये, आहे तो फक्त "आपला" हा शब्द, आणि सगळं वजन सांगणाऱ्याच्या खुर्चीचं. आता हे दुसरं वाक्य घ्या, "जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायची स्क्रिप्ट हिने लिहिलीये, लिंक देतो, तुमच्याकडे तसंच काम आहे ना, बोलून बघा." (स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्राम, आणि युनिकोड म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरं साठवायची एकच पद्धत.) इथे सांगणाऱ्याचं पद काढून टाकलं तरी वाक्याला अर्थ उरतो, कारण लिंक उघडून काम तपासता येतं. वशिल्याच्या वाक्यातून सांगणारा काढला की हातात काही राहतच नाही. माझ्यासाठी खरा फरक हाच आहे, बाकीचं सगळं यातूनच निघतं.

दुसरा फरक थोडा उलटा वाटेल. वशिल्याला नातं घट्ट लागतं. साडू, मावसभाऊ, गाववाला, निदान बापाचा जुना मित्र तरी, कारण शब्द टाकायचा तर तेवढा हक्क हवा. नेटवर्किंगचं काम मात्र कच्च्या ओळखीवर जास्त चांगलं होतं. हे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ च्या त्याच्या गाजलेल्या निबंधात दाखवलंय. बॉस्टनजवळ नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि मॅनेजरच्या कामातल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून नोकरीचं कळलं त्या माणसाला त्या वेळी किती वेळा भेटत होतात? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक म्हणाले की वारंवार, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी. ५५.६ टक्के म्हणाले अधूनमधून, आणि २७.८ टक्के तर म्हणाले की वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कारण साधं आहे, आपल्या जवळच्या माणसांना तेच माहिती असतं जे आपल्याला माहिती असतं, एकच ऑफिस, एकच व्हॉट्सॲप ग्रुप, त्याच गप्पा. लांबच्या माणसाचं वर्तुळच वेगळं, त्यामुळे त्याच्याकडे नवीन बातमी असते. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त लोकांवरचा एक मोठा अभ्यास सायन्स या नियतकालिकात आला, त्यातही नोकरीसाठी कच्च्या ओळखीच उपयोगी पडताना दिसल्या, फक्त अगदीच नावापुरत्या नव्हेत, थोडाफार धागा असलेल्या. म्हणजे कॉन्फरन्समध्ये शंभर जणांना कनेक्ट रिक्वेस्ट पाठवून परत यायचं यालाही फार अर्थ नाही, चार जणांशी अर्धा अर्धा तास बोललात तर तो धागा तयार होतो.

आणि उपकार! वशिल्यात उपकार होतो, तो डोक्यावर बसतो आणि कधीतरी फेडावा लागतो, लग्नाच्या आमंत्रणापासून मतापर्यंत कुठेही. माहितीचं तसं नसतं. मी तुम्हाला सांगितलं की अमुक लायब्ररीच्या (म्हणजे तयार कोडच्या संचाच्या) नव्या व्हर्जनमध्ये मेमरी लीक म्हणून एक दोष आहे, तर माझ्याकडची माहिती काही कमी होत नाही, उलट तुम्ही त्यावर दोन गोष्टी सांगता. ब्रसेल्सला दरवर्षी फॉसडेम म्हणून ओपन सोर्सवाल्यांची, म्हणजे आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्यांची, प्रचंड कॉन्फरन्स भरते, विद्यापीठाच्या आवारात, तिला तिकीट नाही आणि रजिस्ट्रेशनही नाही, सरळ आत जायचं. पासच लागत नाही म्हटल्यावर पास मिळवून देणारा साहेबही लागत नाही, आणि तरी हजारो लोक तिथे एकमेकांना भेटून कामं पुढे नेतात.

पण मी असं म्हणणार नाही की दोन्हीमध्ये भिंत आहे. मधे एक चिखलाचा पट्टा आहे आणि पुण्यातल्या आयटीमध्ये आपण सगळे त्यातून चालतो, त्याचं नाव रेफरल. कंपनी स्वतःच म्हणते तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर नाव द्या, माणूस लागला तर बोनस देऊ. काम बघून नाव दिलं आणि पुढे सगळ्यांसारखेच राउंड झाले तर ते नेटवर्किंग. पण ज्याचा एक ओळीचाही कोड आपण बघितलेला नाही अशा भाच्याचा रेझ्युमे एचआरला पाठवला आणि मॅनेजरला वेगळा मेसेज केला, तर पोर्टल कितीही चकचकीत असलं तरी तो वशिलाच. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवलीये, मी जे सांगतेय ते पूर्ण पॅनेलसमोर मोठ्याने वाचता येईल का? येत असेल तर पाठवते.

अजून एक ठिकाण आहे जिथे नेटवर्किंग हळूच वशिल्याकडे घसरतं, आणि ते आपल्या मराठी मंडळींनी तर लक्षात घ्यायलाच हवं. परगावी कॉन्फरन्सला मराठी ऐकू आलं की आपण लगेच "तुम्ही कुठले?" करत गोल करून उभे राहतो, मग कॉलेज कुठलं, बॅच कुठली, आडनावावरून गाव, आणि दोन दिवस तोच गोल. छान वाटतं, मलाही वाटतं, पण बाहेरच्याला त्यात शिरता येत नाही आणि आपल्यालाही नवीन काही कळत नाही. अशाच बंद गोलातून नंतर "आपला माणूस" तयार होतो. यावर राइट द डॉक्स या, सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांच्या, परिषदांच्या संस्थापकांपैकी एक, एरिक होल्शर, यांनी एक सोपा नियम मांडला, पॅकमॅन रूल. घोळक्यात उभे असाल तेव्हा एका माणसाची जागा नेहमी मोकळी सोडा, पॅकमॅन या जुन्या व्हिडिओ गेममधल्या पिवळ्या गोळ्याच्या उघड्या तोंडासारखी, आणि कोणी त्या जागी आलं की सरकून परत नवी जागा करा. मी हा नियम अगदी काटेकोर पाळते, आणि गोलात अमराठी माणूस आला की भाषाही बदलते.

बाकी कॉन्फरन्सला गेल्यावर मी करते ते फार काही नाही. रेझ्युमे नेत नाही. टॉक झाल्यावर स्पीकरला "खूप छान" एवढंच म्हणत नाही, माझ्या कामात अडलेला एक खरा प्रश्न विचारते. रात्री झोपायच्या आधी कोणाशी काय बोलले याची एकेक ओळ वहीत लिहिते, आणि कोणाला लिंक पाठवते म्हटलं असेल तर दोन दिवसांत पाठवतेच, कारण निम्मे लोक हेच विसरतात आणि ओळख तिथेच संपते.

तर त्या २०१५ च्या पायकॉनची गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खांबाशेजारीच वहीत आकृती काढत होते, जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, त्यामुळे कन्व्हर्ट करताना सगळे शब्द विस्कटतात, त्याचं काहीतरी. शेजारी एक चेन्नईचा मुलगा उभा होता, त्याने वहीकडे बघितलं आणि म्हणाला, आमच्या तमिळमध्येही एकाराची खूण अक्षराच्या आधी दिसते, मीसुद्धा सहा महिने हेच निस्तरतोय. मग आम्ही बोलत बसलो. हॉल रिकामा झाला तरी बोलत होतो. घरी येऊन मी त्याला स्क्रिप्ट पाठवली, त्याने त्यातली जोडाक्षरांची एक चूक काढून दिली. आठ महिन्यांनी त्याचा मेल आला, पुण्यातल्या एका कंपनीला भारतीय भाषांच्या मजकुरावर काम करणारं कोणीतरी हवंय, मी त्यांना तुझी स्क्रिप्ट दाखवलीये, तुझी तूच बोल. तो स्वतः त्या कंपनीत नव्हता. माझे चार राउंड झाले, तिसऱ्यात मी अडखळले, चौथ्यात निभावलं, आणि नोकरी लागली.

बाबांना फोन केला तर पहिला प्रश्न, "कोणी शब्द टाकला होता का?" मी त्यांना मेल जसाच्या तसा वाचून दाखवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आणि या मुलाला तू कधीपासून ओळखतेस?"

म्हटलं, "बाबा, आम्ही भेटलोय एकदाच. दीड तास."