एसबीआय यूथ फॉर इंडिया फेलोशिप: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

स्टेट बँकेनं 2011 साली सुरू केलेली आणि आता एसबीआय फाउंडेशनमार्फत चालणारी ही 13 महिन्यांची फेलोशिप आहे. निवड झालेला फेलो एखाद्या अनुभवी स्वयंसेवी संस्थेसोबत गावात राहतो आणि तिथल्या एका प्रश्नावर काम करतो. संस्थेतला एक जाणता कार्यकर्ता त्याचा मार्गदर्शक असतो. पुण्याची बायफ, उदयपूरची सेवा मंदिर, तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज, ओडिशाची ग्राम विकास, मदुराईची धन फाउंडेशन अशा नावाजलेल्या संस्था यात सहभागी झालेल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ही बँकेतली नोकरी नाही आणि पुढे बँकेत घेण्याची हमीही नाही. घरच्यांना हे आधीच नीट सांगा. ‘स्टेट बँकेत लागला’ असं गावभर झालं, की फेलोशिप संपल्यावर उत्तरं देत बसावी लागतात.

कोण अर्ज करू शकतं

वय 21 ते 32 वर्षं आणि कोणत्याही शाखेची पदवी. कला, वाणिज्य, शेती, अभियांत्रिकी, समाजकार्य, काहीही चालतं. नुसता आयटीआय किंवा पदविका पुरत नाही. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज भरता येतो, मात्र तुकडी सुरू होण्याआधी पदवी पूर्ण झालेली हवी. एटीकेटी राहिली असेल तर इथेच थांबून हिशेब करा: तो विषय ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेत सुटणार असेल, तर तोवर तुकडी सुरू झालेली असेल आणि या वर्षीची संधी बहुधा हातची गेली. वय आणि पदवी कोणत्या तारखेला मोजतात ते त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेलं असतं. एका दिवसाचा फरकही धरला जातो, म्हणून तारीख स्वतः वाचा.

भारतीय नागरिकांसोबत नेपाळ आणि भूतानचे नागरिक आणि ओसीआय कार्डधारकही (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) पात्र आहेत. परदेशात वाढलेल्या मराठी मुलामुलींना त्यामुळे ही वाट मोकळी आहे.

पैशाचा हिशेब

2025च्या तुकडीसाठी दरमहा 16,000 रुपये निर्वाहासाठी, 2,000 रुपये स्थानिक प्रवासासाठी आणि 1,000 रुपये प्रकल्पखर्चासाठी जाहीर झाले होते. फेलोशिप पूर्ण केल्यावर 90,000 रुपये एकरकमी. शिवाय आरोग्य आणि अपघात विमा, आणि घरापासून कामाच्या गावापर्यंतच्या रेल्वे प्रवासाचा खर्च. एकरकमी रक्कम पूर्ण केल्यावरच मिळते. अर्ध्यात सोडून आलात तर ती गृहीत धरू नका. घरी शिक्षणकर्जाचा हप्ता चालू असेल तर हे आधी कागदावर मांडा. 16,000 रुपयांत खोलीचं भाडं, जेवण आणि हप्ता तिन्ही बसवणं कठीण आहे.

कागदपत्रं

यादी छोटी आहे: आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पदवीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, पासपोर्ट आकाराचा फोटो, एक पानाचा बायोडेटा. काही निवड झाल्यावरच मागितली जातात, पण फाईल आधीच तयार ठेवा.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांची अडचण बहुतेक वेळा नावापाशी होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आधी स्वतःचं नाव, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. पॅनवर तिसरीच तऱ्हा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या कागदांवर तर दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. अर्जात नाव एकाच पद्धतीनं लिहा आणि शक्यतो ओळखपत्रावर आहे तसंच ठेवा. आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला जोडीला ठेवा. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधार दुरुस्तीला किंवा राजपत्रातल्या नावबदलाला वेळ लागतो, म्हणून ते काम अर्जाच्या दोन-तीन महिने आधी हाती घ्या.

जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा दहावीचं बोर्ड प्रमाणपत्र ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला आपल्याकडे सर्रास चालतो, पण देशपातळीवरच्या निवडीत तो एकटाच पुढे करू नका. मराठीतला हाताने भरलेला दाखला परराज्यातल्या माणसाला वाचता येत नाही.

पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं आणि तोवर अर्जाची मुदत उलटून जाते. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडा. एकच सत्र राहून गेलं तरी कागद अपुरे ठरतात. प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ करा. गुणपत्रिका दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून स्कॅन करा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत लॅमिनेशनची चमक नेमकी गुणांवर येते.

अर्ज आणि निवड

यूथ फॉर इंडियाच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव, ईमेल आणि मोबाइल देऊन नोंदणी करायची. नोंदणीला शुल्क नाही. कुणी ‘प्रोसेसिंग फी’ मागत असेल तर तो फसवतो आहे. ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा पत्ता टाकला की पुढच्या फेरीचं बोलावणं त्याच्याकडे पडून राहतं.

यानंतर ऑनलाइन मूल्यांकन होतं, आणि खरी चाळणी इथेच लागते. प्रश्न इंग्रजीत असतात आणि उत्तरं सविस्तर लिहायची असतात. मराठी माध्यमातल्या मुलांनी आधी मराठीत मुद्दे काढावेत, मग साध्या इंग्रजीत उतरवावेत. भाषा साधी असली तरी चालते, आशय मात्र नेमका हवा. ‘ग्रामीण भागात पाण्याची समस्या गंभीर आहे आणि ती सोडवण्याची मला तळमळ आहे’ हे वाक्य कुणीही, कुठेही बसून लिहू शकतं. याउलट: ‘वस्तीवर तीन हातपंप आहेत. होळीनंतर एकच चालतो. वॉशर तालुक्याला मिळतो, पण तो आणून बसवायचं काम पंचायतीत कुणाकडेच नाही.’ यात प्रश्न, त्याचं कारण आणि कामाची जागा तिन्ही दिसतात. इंटरनेटवरून उतरवलेलं उत्तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

शिक्षण, आरोग्य, पाणी, उपजीविका, अन्नसुरक्षा, पर्यावरण, पर्यायी ऊर्जा, पारंपरिक कारागिरी, महिला सक्षमीकरण, स्वशासन वगैरे मिळून कामाचे बारा विषय असतात. आकर्षक वाटला म्हणून विषय घेऊ नका. तुमच्या शिक्षणातलं किंवा घरच्या कामातलं जे खरंच येतं त्याच्याशी जुळणारा घ्या. दुधाच्या धंद्यात वाढलेल्या मुलीला उपजीविकेवर बोलताना पाठांतर करावं लागत नाही.

मुलाखतीत ज्ञानापेक्षा तयारी पाहतात. वर्षभर अनोळखी गावात राहाल का, भाषा येत नसेल तर काय कराल, घरच्यांना माहीत आहे का, पहिल्या दोन महिन्यांत काहीच जमलं नाही तर? मार्गदर्शकाशी मतभेद झाला तर काय, याचाही विचार करून जा. संस्थेचे लोक त्या भागात वर्षानुवर्षं काम करत असतात. त्यांचं आधी ऐकून घेणारा, पण पटलं नाही तर स्पष्ट विचारणारा उमेदवार त्यांना हवा असतो. ‘मी येऊन बदल घडवीन’ असा सूर लागला की गाडी घसरते.

निवडपत्र आल्यावर

राज्य, संस्था आणि विषय यांची सांगड घालून ठिकाण ठरतं, मनासारखंच मिळेल असं नाही. होकार कळवण्याआधी ते गाव नकाशावर शोधा: जवळचं रेल्वे स्टेशन, शेवटची बस, दवाखाना, मोबाइलची रेंज. राहण्याची सोय संस्था करते की खोली स्वतः शोधायची, हे संस्थेला लेखी विचारा. मुलींनी हा प्रश्न विचारताना अजिबात संकोचू नये. नियमित औषधं चालू असतील किंवा जुना आजार असेल तर तेही याच टप्प्यावर सांगा.

आणि नोकरीत असाल तर राजीनामा निवडपत्र हातात पडल्यावरच द्या. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असेल आणि तुकडी त्याआधीच सुरू होत असेल, तर कंपनीशी लवकर सुटण्याबद्दल आधी बोला आणि मगच होकार कळवा.