मांडीत मुरतं ते मीठ

थंडी पडली की मळ्यावर अख्खी मांडी निखाऱ्यावर भाजायचा बेत ठरतो. सांगली जिल्ह्यात मटणाला तोटा नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळची फुगीर नाकाची मेंढी तर मटणासाठीच नावाजलेली. आदल्या रात्री दही, आलं-लसूण, हळद, कांदा-लसूण मसाला आणि मीठ एकत्र कालवून मांडीला चोळतात आणि झाकून ठेवतात. रात्रभरात मसाला हाडापर्यंत जाईल, असा सगळ्यांचा भरवसा असतो.

मसाला आत जात नाही. भाजलेली मांडी आडवी कापून बघा. पिवळी-लाल कड काही मिलिमीटरची असते, पुढे नुसतं मटण. कच्च्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं, आणि हळदीतलं कर्क्युमिन किंवा मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्यांना तेल लागतं. मसाला तेलात कालवावा तो याचसाठी. तेलात त्याचा रंग आणि तिखटपणा उतरतो आणि पृष्ठभागावर सगळीकडे सारखा बसतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाची हळदसुद्धा मांडीच्या बाहेरच राहते.

आत जातं ते मीठ. पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन बारीक आयन होतात आणि स्नायूतल्या पाण्यातून हळूहळू सरकतात. हळूहळू म्हणजे फ्रिजच्या थंडीत दिवसाला साधारण एक सेंटिमीटर. शिवाय अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, त्यामुळे दोन सेंटिमीटरला दोन नव्हे, चार दिवस. मांडीला खोल चिरा द्यायच्या त्या एवढ्यासाठी, म्हणजे मिठाला जायचं अंतरच कमी होतं. आत पोचलेलं मीठ चवीपलीकडेही काम करतं. स्नायूतली मायोसिनसारखी प्रथिनं त्यामुळे सैल होतात, फुगतात आणि आचेवर पाणी धरून ठेवतात. म्हणून माझा आग्रह आहे की मीठ मसाल्यात मिसळून लावू नये. किलोला १२ ते १५ ग्रॅम मीठ आदल्या दिवशीच चिरांमध्ये चोळावं आणि मांडी फ्रिजमध्ये ठेवावी. मसाला भाजायच्या आधी दोन-तीन तास लावला तरी पुरतो.

दह्यातलं लॅक्टिक आम्ल सौम्य असतं, ते रात्रभर चालतं. लिंबाचा रस फार तीव्र. जास्त वेळ राहिला तर वरचा थर आचेशिवायच शिजल्यासारखा पांढरट आणि कोरडा होतो. कच्च्या पपईचं प्रकरण आणखी वेगळं. तिच्या चिकात पपेन हे विकर असतं, ते प्रथिनांचे तुकडे करतं आणि ६० ते ७० अंश सेल्सिअसला सर्वांत जोमानं काम करतं. म्हणजे मांडी निखाऱ्यावर तापत असतानाच त्याचा खरा जोर. पण तेही वरवरच चालतं. पपई जास्त झाली की बाहेरून लगदा आणि आत वातड, असं मटण हाती येतं. आल्यातही असंच, जरा सौम्य विकर आहे. मला तेवढं पुरेसं वाटतं.

मांडी मऊ होते ती आचेनं. युरोपात वर्षाच्या आतलं कोकरू वापरतात आणि मांडी आतून गुलाबी असतानाच उतरवतात. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस आतून ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती अशी आहे. आपल्याकडचं जनावर बहुधा वयानं मोठं. त्याच्या स्नायूंना बांधणारं कोलॅजन जास्त घट्ट विणलेलं असतं आणि ते विरघळून जिलेटिन व्हायला ८० ते ९० अंशांत बराच वेळ राहावं लागतं. म्हणून निखारे एका बाजूला ओढावेत, मांडी दुसऱ्या बाजूला ठेवून वर झाकण घालावं. शेवटी दहा मिनिटं थेट निखाऱ्यावर धरावी. पृष्ठभाग सुकून १४० अंशांच्या पुढे गेला की अमिनो आम्लं आणि शर्करा यांची ती खमंग अभिक्रिया वेगानं होते, जिचं वर्णन मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये केलं.

बाहेरची जाड चरबी आधी काढून टाकावी. मेंढीच्या मटणाचा उग्र वास चरबीतल्या शाखायुक्त मेदाम्लांचा असतो. शिवाय निखाऱ्यावर टपकलेल्या चरबीच्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला निमित्त होणारी संयुगं तयार होतात.

जळणाबाबतही सांगायला हवं. स्पेनच्या रिओहा भागात द्राक्षवेलीच्या काड्यांवर कोकराच्या चापा भाजतात, आणि तासगावच्या बागांत छाटणीनंतर अशा काड्यांचे ढीग पडतात. मोह होतो, पण त्या काड्यांवर बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबं आणि हंगामभराच्या फवारण्यांचे अंश असतात. अन्नाखाली त्या जाळू नयेत. बाभळीचा कोळसा बरा. तो जड असतो, आच संथ आणि लांब देतो.

कोथिंबीर-पुदिना मसाल्यात वाटला तर त्यांचा वास आचेवर उडून जातो, कारण तो वास उडनशील तेलांचाच असतो. मांडी उतरवून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, धाग्याला आडवी कापा आणि हिरवं वाटण, लिंबू तेव्हाच वरून घाला.