गाणं बसवणं आणि गाणं शिकवणं

दिवाळीची सुट्टी संपली की ठाण्यातल्या शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. गडकरी रंगायतनची नाहीतर घाणेकर नाट्यगृहाची तारीख हातात असते आणि संगीताच्या बाईंना जो तो एकच विचारतो, ‘गाणं बसलं का?’ गाणं मुलांना आलं का, हे कुणी विचारत नाही. कारण दोन्ही दिसायला अगदी सारखं. बाई ओळ म्हणतात, मुलं मागून म्हणतात. पेटी तीच, वर्ग तोच, पस्तीस मिनिटांचा तासही तोच.

मला यातला फरक लख्ख कळला तो सहावीच्या वर्गात. समूहगीत छान झालं होतं, टाळ्याही भरपूर मिळाल्या होत्या. आठवड्यानं मी सहज म्हटलं, ‘चला, दुसऱ्या अंतऱ्यापासून घेऊ.’ एकालाही उचलता येईना. मग एक मुलगी ओठातल्या ओठात धृपदापासून पुटपुटत आली आणि दुसऱ्या अंतऱ्याशी पोचल्यावर मोठ्यानं गायला लागली. ‘सात चोक किती?’ विचारल्यावर मूल साताचा पाढा पहिल्यापासून म्हणत येतं ना, अगदी तसं.

बसवलेलं गाणं हे असं असतं. ते पाठ असतं, पण मधून धरता येत नाही. पेटी थांबली की सूर घसरतो, पुढच्या रांगेतली दोन खणखणीत मुलं गैरहजर असली की बाकीचे गप्प होतात. शिकलेल्या मुलाला सा कुठे आहे हे ऐकू येतं, मात्रा मोजता येते, आता सूर वर चढणार हे आधी कळतं. ते एकटंही गाऊ शकतं.

राष्ट्रगीताचंच बघा. रोज म्हणतो, 52 सेकंदांत संपवतो. त्याची चाल सा पासून सुरू होते आणि शेवटच्या ‘जय हे, जय हे, जय हे’मधल्या पहिल्या ‘जय हे’ला थेट तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, गाठते. प्रार्थनेला कुणीतरी उत्साहानं पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी सा धरून, सुरुवात करतं आणि ‘जय हे’ला अख्खं मैदान किंचाळतं. पांढरी एकपासून सुरू केलं तर तोच तार सा बहुतेक मुलांच्या गळ्यात सहज बसतो. मुलांना ‘ओरडू नका’ म्हणून उपयोग नाही, सुरुवात कुठून करायची हे दाखवावं लागतं. दाखवलं की ते शिकवणं.

वर्गात मी आता असं करते. नव्या गाण्याच्या पहिल्या तासाला शब्द देत नाही. अर्धा वर्ग सा धरून ठेवतो, अर्धा वर्ग चाल आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर म्हणतो, मग अदलाबदल. दुसऱ्या तासाला मांडीवर हातानं ताल. दादरा असेल तर सहा मात्रा, केरवा असेल तर आठ, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेमकी कुठल्या अक्षरावर येते ते मुलांनीच शोधायचं. शब्द तिसऱ्या तासाला. तोवर चाल इतकी अंगात मुरलेली असते की शब्द दहा मिनिटांत चिकटतात.

ज्या मुलाला ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं जातं, त्याच्याबद्दल मला फार वाटतं. एवढ्या एका वाक्यानं मुलं जन्मभर गायची थांबतात. बहुतेकदा ते मूल बेसूर नसतं, त्याला आपला सूर बाहेरच्या सुराशी जुळवता येत नसतो इतकंच. तो जो सूर लावतो तोच मी पेटीवर धरते. दोघांचा सूर एक झाल्यावर त्याचा चेहरा बदलतो, मग तिथून एकेक स्वर सरकत जायचं. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्यावं.

पालक म्हणतात, ‘आमची मुलगी गांधर्वच्या गाण्याच्या परीक्षा देते, म्हणजे ती शिकतेच.’ पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं वर्गात आणलं. आज वाशीलाही या परंपरेचं केंद्र आहे. परीक्षेनं शिस्त लागते यात शंका नाही. पण वहीतल्या ताना घोटून प्रवेशिकेची परीक्षा पास होणं हेही बसवणंच. त्याच रागात दोन स्वरांची नवी जागा, म्हणजे छोटंसं वळण, स्वतः घेता येते का, ते विचारून बघा.

डिसेंबरात मीही गाणं बसवते. रंगमंचावर एकत्र श्वास घ्यायला, घाबरट मुलाला उभं करायला त्याचा उपयोग होतो. पण बाकीचे महिने तासाची शेवटची पाच मिनिटं पेटी बंद असते आणि रोज पाच जण एकेकटे दोन ओळी गातात. परवा पाचवीतला एक मुलगा मधेच हात वर करून म्हणाला, ‘बाई, ‘जय हे’ला आपण वरच्या सा ला जातो ना? मग उद्या प्रार्थनेला खालून सुरू करू या?’