क्रोम प्लेटिंगची परवानगी: अर्ज भरण्याआधी टाक्यांचा हिशेब

मोटारसायकल वर्कशॉपच्या परवान्यावर क्रोम प्लेटिंग करता येत नाही. प्लेटिंगच्या द्रावणात असणाऱ्या हेक्झाव्हॅलंट क्रोममुळे (क्रोमियमचं विषारी रूप) माणसाला कर्करोग होतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली नोंदवलं. म्हणून टाकी एकच असली तरी पाणी, हवा, घातक कचरा आणि कामगारांची सुरक्षा अशी चारही अंगांनी छाननी होते. बहुतेक ठिकाणी आधी उभारणीची परवानगी आणि चाचणीनंतर चालवण्याची परवानगी, असा क्रम असतो. पहिली हातात येईपर्यंत टाक्यांची ऑर्डर देऊ नका. छाननीत मांडणी हमखास बदलते.

जागा औद्योगिक वापराची हवी. भाड्याची असेल तर मालकाच्या संमतीपत्रात ‘प्लेटिंग’ हा शब्द स्पष्ट लिहून घ्या, नुसतं ‘गॅरेज’ पुरत नाही. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये किंवा शोषखड्ड्यात जात असेल तर ती जागा सोडून द्या. अशा वेळी बफिंग (घासून चकाकी आणणं) स्वतःकडे ठेवून प्लेटिंग परवानाधारकाकडे जॉबवर्कला देणं हाच शहाणपणाचा मार्ग.

आता हिशेब. सायलेन्सरचा पाइप आडवा मावेल अशी टाकी साधारण १००० लिटरची होते. लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड धरलं तर एकाच टाकीत २५० किलो माल साठतो, आणि साठवणुकीच्या अर्जात हाच आकडा लागतो. वाकड्या पाइपांच्या पोटातून दिवसाला फक्त १ लिटर द्रावण धुण्याच्या पाण्यात गेलं तरी त्यात १३० ग्रॅम क्रोमियम असतं. अनेक नियमांतली हेक्झाव्हॅलंट क्रोमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. नुसतं पाणी ओतून तिथवर पोहोचायला रोज १३ लाख लिटर लागेल. म्हणून अर्जात शुद्धीकरणाच्या पायऱ्या मात्रेसकट लिहाव्या लागतात: आधी हेक्झाव्हॅलंटचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोम करायला पीएच २ ते ३ वर आणून १ ग्रॅम क्रोमियमला सुमारे ३ ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट, पिवळा रंग जाऊन हिरवा येईपर्यंत, मग पीएच ८ ते ९ करून गाळ खाली बसवणं.

प्लेटिंगसाठीच ट्रायव्हॅलंट क्रोमचं द्रावण निवडलं तर क्रोमियम बरंच कमी लागतं आणि ही पहिली पायरी टळते. चकाकीसाठीच काम करायचं असेल तर नव्या माणसाने तेच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. मात्र जुन्या पार्टचं क्रोम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उलट्या करंटने उतरवलं की त्या टाकीत हेक्झाव्हॅलंट तयार होतंच. अर्जात हीच टाकी सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

फाइलमध्ये जागेची कागदपत्रं, प्रत्येक टाकीचं माप आणि रसायन दाखवणारा नकाशा, कामाच्या टप्प्यांचा आराखडा, रोजच्या पाण्याचा ताळेबंद, रसायनांची सुरक्षापत्रकं, हवा ओढणारे हूड व ती हवा धुऊन साफ करणाऱ्या स्क्रबरचं डिझाइन आणि गाळ उचलणाऱ्या अधिकृत संस्थेचा करार लागतो. गळती अडवणाऱ्या, टाक्यांखालच्या बांधाची क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के दाखवा. टाकीवर उठणारं आम्लाचं धुकं दाबायला पीएफओएस (निसर्गात न विघटणारं फ्लोरिनयुक्त रसायन) असलेलं रसायन लिहू नका. २००९ पासून ते स्टॉकहोम कराराच्या यादीत आहे. तांब्याच्या थरासाठी कॉपर सायनाइडची टाकी असेल तर तिची गटारवाट आम्लापासून पूर्ण वेगळी दाखवा, कारण दोन्ही मिसळले की जीवघेणा हायड्रोजन सायनाइड वायू निघतो.

क्रोमखाली निकेलचा थर दिला जातो, आणि सांडपाण्याच्या चाचणीचा नमुना बहुधा क्रोमवर नाही, निकेलवर नापास होतो. निकेल नीट खाली बसायला पीएच १० च्या आसपास लागतो, पण तिथे क्रोमचा बसलेला गाळ पुन्हा विरघळू लागतो. दोन्ही पाणी एकाच टाकीत घेतलं तर एक ना एक आकडा वर राहतो. निकेलच्या धुण्यासाठी वेगळी लाइन पहिल्याच नकाशात काढा. नंतर बदल केला तर सुधारित अर्ज पुन्हा छाननीच्या रांगेत जातो.