टॉर्पेडोला चकवायचं कसं?

टॉर्पेडो म्हणजे जहाजाच्या कुशीत घुसून भोक पाडणारं अस्त्र, ही समजूत आता जुनी झाली. मोठ्या युद्धनौकेसाठी बनवलेला आजचा टॉर्पेडो तळाच्या खाली जाऊन फुटतो. स्फोटातल्या वायूचा अजस्र बुडबुडा जहाजाला मधोमध वर उचलतो, आणि तो मिटला की मधल्या भागाखालचा आधारच जातो. मग जहाज कण्यातच मोडतं. २०१० मध्ये दक्षिण कोरियाच्या ‘चेओनान’ या युद्धनौकेचे असेच दोन तुकडे झाले, असं आंतरराष्ट्रीय चौकशी पथकाचं म्हणणं होतं (उत्तर कोरियाने आरोप फेटाळला). ४६ खलाशी गेले. यापुढे पोलाद किती जाड करणार? त्यापेक्षा टॉर्पेडोला जवळ फिरकू न देणं बरं.

तो येतो बहुधा आवाजाच्या मागावर. प्रोपेलरच्या पात्यांवर सतत बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि तो गोंगाट पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने दूरवर पसरतो. १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी हा आवाज ऐकून वळणारा टॉर्पेडो वापरायला काढला, तेव्हा दोस्त राष्ट्रांनी काही आठवड्यांतच उतारा शोधला. तो अगदी गावठी वाटावा असा होता: दोन धातूच्या नळ्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि जहाजामागे लांब तारेवर ओढायच्या. पाण्याच्या झोताने त्या एकमेकींवर आपटत आणि प्रोपेलरपेक्षा मोठा खडखडाट करत. टॉर्पेडो तिकडे वळे. याचं नाव ‘फॉक्सर’. पंचाईत एवढीच, की त्या गोंगाटात जहाजाचं स्वतःचं सोनारही (आवाजावरून पाण्याखालच्या वस्तू हुडकणारं यंत्र) बहिरं होई.

आजही मूळ युक्ती तीच आहे, फक्त नळ्यांची जागा इलेक्ट्रॉनिक आवाजांनी घेतली. अमेरिकी ‘निक्सी’ जहाजामागून ओढतात. भारतीय नौदलाच्या यंत्रणेचं नाव ‘मारीच’ आहे, आणि ते ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. रामाच्या आवाजात ‘हा लक्ष्मणा’ म्हणून फसवणारा तोच की!

चकवा सोडला की जहाज पाठ फिरवून पळतं. यात भित्रेपणा नाही, साधं गणित आहे. ५० नॉटचा (ताशी सुमारे ९३ किलोमीटर वेगाचा) टॉर्पेडो ५ किलोमीटर अंतर जेमतेम सव्वातीन मिनिटांत कापतो. तेच जहाज ३० नॉटने दूर जाऊ लागलं, तर त्याला गाठायला आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात टॉर्पेडोचं इंधन किंवा बॅटरी संपूही शकते.

पण काही टॉर्पेडो कानावर विसंबतच नाहीत. जहाजामागे जो फेसाळ पट्टा राहतो, त्यातले बुडबुडे हुडकत, पट्टा इकडून तिकडे ओलांडत ते पुढे सरकतात. त्यांच्यापुढे आवाजाची नक्कल फुकट जाते, आणि पळणारं जहाज तर माग सोडतच जातं. त्यांना वाटेतच उडवायचं म्हणून अमेरिकेने ५ विमानवाहू नौकांवर छोटे टॉर्पेडोविरोधी टॉर्पेडो बसवून पाहिले. भरवशाचा प्रश्न काही सुटेना. २०१८ मध्ये काम थांबलं आणि बसवलेली यंत्रणा काढून घ्यायचं ठरलं.