तेल पुसलं तरी पत्रे जोडीनेच येतात

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक वसाहतींत विचारा, थप्पीतून दोन पत्रे एकदम का उचलले जातात? उत्तर ठरलेलं: "तेलानं चिकटतात, पुसून घ्या." पत्रे उचलून मशीनवर ठेवणारे ऑटोमॅटिक लोडर आले, तरी हा समज काही गेला नाही.

तेल हातभार लावतं, पण खरी पकड हवेची. सपाट पत्र्यांमध्ये फट जवळजवळ नसते. वरचा झटक्यात सरळ उचलला की आत हवा शिरायला वेळ मिळत नाही आणि बाहेरचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो, खालच्यालाही वर ढकलतो. कोरडा गुळगुळीत पत्राही म्हणूनच जोडीने येतो.

चांगला लोडर आधी एक कोपरा सोलल्यासारखा उचलतो, फटीत हवेचा झोत मारतो. लोखंडी थप्पीच्या कडेला चुंबक लावतात. कडांना सारखे ध्रुव मिळून त्या एकमेकींपासून फाकतात. ॲल्युमिनियमला चुंबक कामाचा नाही, तिथे झोतच.

एवढं करूनही जोडी येऊ शकते. म्हणून जाडी तपासणारा सेन्सर, कितीही कटकट वाटली तरी, बंद करू नका. 1250 बाय 2500 मिलिमीटरचा 1 मिलिमीटर जाड स्टीलचा पत्रा सुमारे 24.5 किलोचा असतो. दुसरा अर्ध्यावरून निसटला तर खाली माणूस असतो. आणि तेल पुसलेला पत्रा बेळगावच्या पावसाळ्यात गंज धरतो, तो तोटा वेगळाच.