शकुंतला रेल्वे (यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर)

वऱ्हाडातील ७६२ मिलिमीटर (अडीच फूट) रुंदीचा, आता बंद पडलेला नॅरोगेज रेल्वेमार्ग. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील मूर्तिजापूर (जि. अकोला) हे त्याचे मधले जंक्शन. तिथून एक फाटा आग्नेयेला कारंजा, दारव्हा असे करत यवतमाळपर्यंत ११३ किमी जातो. दुसरा उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट या गावांतून अचलपूरपर्यंत ७६ किमी. दोन्ही मिळून लांबी १९० किमीच्या आतबाहेर. कागदोपत्री कंपनीचे नाव ‘सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे’; ‘शकुंतला’ हे लोकांनी दिलेले नाव. ते इतके रुजले की रेल्वेमंत्रीही पुढे याच नावाने या गाडीबद्दल बोलू लागले.

हा मार्ग कापसासाठी बांधला गेला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. खामगाव आणि अमरावती या दोन बाजारपेठांना लवकरच छोटे फाटे मिळाले. यवतमाळ मात्र बाजूला राहिले. तेव्हा या भागाला वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ नंतरचे. कारंजा, दारव्हा, यवतमाळचा कापूस बैलबंड्यांतून मुख्य मार्गाकडे यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की बंडीची चाके आसापर्यंत रुतत. उत्तरेला अचलपूर, म्हणजे इमादशाहीची जुनी राजधानी. तेही रेल्वेपासून असेच दूर.

मुंबईतल्या किलिक, निक्सन आणि कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. किलिक, निक्सन ही १८५७ पासूनची मॅनेजिंग एजन्सी, म्हणजे इतर कंपन्यांचा कारभार पाहणारी पेढी. सुरतहून खानदेशाकडे धावणारी ताप्ती व्हॅली रेल्वेही तिच्याच व्यवस्थापनाखाली होती. या कंपनीने अचलपूर आणि यवतमाळचे फाटे टाकले, वर्धा जिल्ह्यात पुलगाव–आर्वी हा ३५ किमीचा आणखी एक तुकडा बांधला. दारव्ह्याहून पुसदकडेही एके काळी रूळ होते. मात्र गाड्या कंपनीने स्वतः कधीच चालवल्या नाहीत. भांडवल आणि मार्ग कंपनीचा, गाडी चालवायची जीआयपीने, उत्पन्नाची वाटणी कराराने ठरलेली. फाट्यांच्या कंपन्यांसाठी इंग्रजी अमदानीत ही पद्धत सर्रास होती. मुख्य रेल्वेला पदरचा पैसा न घालता माल मिळे, भांडवलदाराला वेगळे कर्मचारी पोसावे लागत नसत. या मार्गाच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ याच सोयीत आहे.

जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधायच्या, त्या नॅरोगेजच्या वाघिणीत भरायच्या, मूर्तिजापूरला हमालांकरवी उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायच्या आणि मुंबई बंदराकडे पाठवायच्या, असा हा प्रवास होता. बंडीखेरीज दुसरे साधन नव्हते, तोवर ही दुबार हमाली कोणाला खटकली नाही.

१९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले ‘झेडडी’ जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झाले. सत्तर वर्षे. त्यानंतर डिझेल इंजिन आले. रूळ, पूल आणि वेग मात्र होते तिथेच राहिले. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या या गाडीला यवतमाळ गाठायला अर्ध्याहून जास्त दिवस लागे. कर्मचारी जेमतेम. बऱ्याच फाटकांवर गेटमन नसल्याने गाडी फाटकाआधी थांबे, एक जण उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून चालत येऊन चढे. तिकिटे गार्डच देई. बातमीदारांना यात गंमत दिसत असे. रोजच्या प्रवाशाला त्यातून एवढेच कळे की ही गाडी चालवण्यावर कोणी पैसा घालत नाही. तरीही ती भरत असे, कारण एसटीच्या तुलनेत तिकीट किरकोळ होते. शेतमजूर, भाजीची टोपली घेतलेल्या बाया आणि कारंज्याला गुरुमंदिरात जाणारे भाविक हे तिचे खरे प्रवासी.

बड्या कंपन्यांच्या रेल्वे स्वातंत्र्याआधीच सरकारी झाल्या होत्या, स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्याही झाल्या. जीआयपीचा मार्ग १९५१ मध्ये नव्या मध्य रेल्वेत गेला आणि शकुंतला चालवण्याची जबाबदारीही तिकडेच आली. मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. करार दर दहा वर्षांनी विचारात घ्यायचा होता, आणि दर वेळी तो पुढे ढकलला गेला. मार्ग आपला नाही म्हणून मध्य रेल्वे त्यावर मोठा खर्च करेना. गाडी आपण चालवत नाही म्हणून कंपनी करेना. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे रुळाखालची भर सतत सरकते. अशा जमिनीवरचा मार्ग दरवर्षी हात फिरवल्याशिवाय टिकत नाही. इथे तो हात कोणाचा, हेच ठरलेले नव्हते.

‘आजही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे’, ‘स्वतंत्र भारत अजून ब्रिटनला भाडे देतो’ अशी वाक्ये शकुंतलेबद्दल वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापली गेली. ती वाचायला खमंग आहेत, पण दिशाभूल करतात. किलिक, निक्सन ही मुंबईची पेढी होती आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय उद्योजकांच्या हाती गेली. अडचण मालकाच्या कातडीच्या रंगाची नव्हती, ती करारात होती. त्यासाठी दूर जायला नको, बार्शी लाइट रेल्वे पाहावी. कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर, मिरज जोडणारा तो मार्गही याच रुंदीचा आणि खासगी कंपनीचा, तीही इंग्रजी. पण १९५४ मध्ये सरकारने तो विकत घेतला. मालकीचा प्रश्न मिटला, आणि उशिरा का होईना, या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तो टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. पंढरीचा वारकरी आज थेट गाडीने जातो.

मालवाहतूक आधीच गेली होती. डांबरी रस्ते आणि ट्रक आल्यावर जिनिंगच्या दारातली गाठ थेट गिरणीच्या दारात उतरू लागली. मूर्तिजापूरची दुबार हमाली परवडेनाशी झाली. गाठींवर जगलेला मार्ग मग प्रवाशांच्या स्वस्त तिकिटांवर तगून राहिला, म्हणजे तोट्यात गेला. तोट्यातला मार्ग विकत घ्यायला सरकार नाखूश, आणि विकत घेतला नाही म्हणून तो सुधारेना. रस्त्यावर काळी-पिवळी आणि एसटी धावू लागल्यावर वेळेची किंमत असणारा प्रवासीही उतरला. गेल्या दशकाच्या मध्यावर, मार्ग सुरक्षित नसल्याच्या कारणाने, आधी यवतमाळची आणि मागोमाग अचलपूरची गाडी थांबली. दुरुस्तीपुरती बंद म्हणून थांबलेली गाडी परत धावली नाही. ती सुरू व्हावी म्हणून या भागात समित्या निघाल्या, निवेदने दिली गेली, आंदोलने झाली.

२०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात या मार्गाच्या ब्रॉडगेज रूपांतराला सुमारे पंधराशे कोटी रुपये खर्चाची मंजुरी मिळाली. तेवढ्या जोरावर इकडे रुळाचे काम उभे राहिले नाही. यवतमाळकडे ब्रॉडगेज निघाली ती दुसऱ्याच बाजूने, वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किमीच्या नव्या मार्गाने. त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. या मार्गाने यवतमाळ शहर मुख्य मार्गाला जोडले जाईल. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर मात्र त्याच्या वाटेवर नाहीत.